राहीबाईनं सांगितलेला काल

हंबीरराव हवालदारांना काल काय झालं ते आज सकाळी बायकोकडून कळायचं. ही गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती आणि घरातही ती कधी उघड बोलली गेली नव्हती. राहीबाई भाकरी थापायला बसायची, हवालदार चहाची कपबशी घेऊन उंबऱ्यापाशी येऊन टेकायचे, आणि तव्यावरची भाकरी उलटता उलटता ती सहज आठवल्यासारखं बोलायला लागायची.

"काल वीरूला बरं सुनावलं तुमी. लय जोरात हाणतोय गाडी."

"मग. सुनवायलाच पायजे," हवालदार म्हणायचे आणि चहाचा घोट घ्यायचे. काल आपण थोरल्या भावाच्या वीरधवलशी बोललो, हे त्यांना त्या घोटाबरोबर कळलेलं असायचं. आता दिवसभरात वीरू समोर आला तरी गडबडायचं कारण नव्हतं.

कोरेगावपासून थोडं आतल्या बाजूला त्यांचं गाव. गावात घरटी एक तरी माणूस फौजेत गेलेला. हंबीररावही गेले, हवालदार होऊन परत आले, काही वर्षं साताऱ्याला एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर उभे राहिले आणि मग ते सोडून घरचा ऊस बघायला लागले. फौजेतनं आलेल्या माणसानं संध्याकाळी दोन पेग घेतले तर आपल्याकडं त्याला कुणी दारुडा म्हणत नाही. उलट पाहुणेरावळेच हळूच विचारतात, कॅन्टीनचं काही शिल्लक आहे का म्हणून. हवालदारांचे दोनाचे चार झाले, संध्याकाळचं दुपारवर आलं, कॅन्टीनचं संपलं की कोरेगावातून यायला लागलं, तरीही त्यांना कुणी दारुडा म्हटलं नाही.

त्याचं कारण त्यांची चाल. दारू मोजायचं गावाकडं एकच माप होतं. पाय लटपटले तर प्यालेला, सरळ पडले तर शुद्धीवर. मधलं काही नाही. हवालदारांचे पाय कधी लटपटलेच नाहीत. कितीही घेतली तरी माणूस उठायचा, शर्टाची बटणं लावायचा, वडीलधाऱ्यांना रामराम करायचा आणि छाती काढून घरापर्यंत असा चालत यायचा की बघणाऱ्याला कवायत आठवावी. बोलणंही स्वच्छ, मुद्द्याचं. "गडी पचवतोय," लोक कौतुकानं म्हणायचे. पण घराबाहेरचा दिवा चालू असावा आणि आत कुणी नसावं, तशी ती गत होती. त्या वेळात जे बोलले, जिथं गेले, जे केलं, त्यातलं दुसऱ्या दिवशी त्यांच्याजवळ काहीही उरायचं नाही.

राहीबाईला हे पहिल्यांदा कळलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. थोरले दीर सकाळी दारात येऊन म्हणाले, "चल हंबीर, काल ठरल्यापरमानं पाइपलाइन बघून येऊ." हवालदार हसले, पण त्या हसण्यामागं त्यांचा चेहरा यात्रेत हात सुटलेल्या पोरासारखा झाला होता. काय ठरलं, कवा ठरलं, कुठली पाइपलाइन, काही म्हणता काही नव्हतं. राहीबाई आतून म्हणाली, "आवं, काल जेवताना तुमीच म्हनला न्हवं, वरच्या वावरातली फुटलीया म्हणून?" हवालदारांनी ते पटकन पकडलं आणि चपला घालून बाहेर पडले. परत आल्यावर त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कपबशी घेऊन उंबऱ्यापाशी येऊन बसले, आणि पुढं रोजच बसायला लागले.

खोटं बोलायचं असं राहीबाईनं कधी ठरवलं नव्हतं. पीठ चाळलं की कोंडा चाळणीत राहतो, तसं तिचं आपोआप व्हायचं. हवालदार कुणाला टाकून बोलले असतील तर ती सांगायची, समजावून सांगितलंत. ताट भिरकावलं असेल तर सांगायची, भूक नव्हती तुम्हाला. आणि जिथं सांगण्यासारखं काहीच नसायचं तिथं ती पदरचं घालायची. लग्न झाल्यापासून अर्धं आयुष्य तिचा नवरा राजस्थानात नाहीतर काश्मिरात होता; सुट्टीला येईल तेवढाच खरा, एरवी मनात रचून घेतलेला. नवरा रचायची तिला सवयच होती. त्यामुळं सकाळी भाकरीबरोबर जो हवालदार तयार व्हायचा तो समजूतदार होता, मायेनं बोलणारा होता, आणि राहीबाईचा त्याच्यावर फार जीव होता. ह्यात तिला कुणाला दोष द्यायचा असेल तर खुशाल द्यावा, पण आधी चार दिवस त्या चुलीपुढं बसून बघावं.

त्रास एवढाच होता की तिला दोन काल सांभाळावे लागायचे, एक घडलेला आणि एक सांगितलेला, आणि कुणासमोर कुठला चालतो तेही ध्यानात ठेवावं लागायचं.

सांगितलेल्या कालांतला सगळ्यात देखणा होता तो क्रांतीच्या लग्नाचा. क्रांती ही त्यांची एकुलती एक पोर. कवठे महांकाळकडं दिली, ऋषिराजला. घरची द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड, माणसं चांगली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हवालदार डोळे चोळत उंबऱ्यापाशी बसले आणि राहीबाईनं त्यांना पाठवणी सांगितली. तुम्ही जावयाचा हात हातात घेतलात, ती म्हणाली, आणि म्हणालात, "जावईबापू, माझी पोरगी कवा रडली तर मला फोन करू नका. तुमी तिच्याशेजारी बसा."

हे वाक्य राहीबाईचं होतं. आपल्याबद्दल असं कुणीतरी कुणालातरी म्हणायला हवं होतं, असं तिला स्वतःला बरीच वर्षं वाटत आलं होतं. हवालदारांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते आपलंच करून टाकलं. पारावर, एसटीत, माजी सैनिकांच्या मेळाव्यात, कुणाच्याही पोरीचं लग्न निघालं की ते हा प्रसंग सांगायचे आणि सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. क्रांतीनंही माहेरी आल्यावर तो कितीदा ऐकला. ती ऐकून घ्यायची आणि ताटं उचलायला उठायची.

मग सिद्धू झाला आणि हवालदार नातवापुढं पार विरघळून गेले. दुपारपर्यंत तो माणूस सोन्यासारखा असायचा. सिद्धूला फोनवर बोलायलाही येत नव्हतं तेव्हापासून ते त्याच्याशी फोनवर गप्पा मारायचे.

गेल्या उन्हाळ्यात क्रांती त्याला घेऊन माहेरी आली होती. सिद्धू दोन वर्षांचा होता. एका दुपारी मायलेकी पलीकडच्या गल्लीत चैत्राच्या हळदीकुंकवाला निघाल्या. हवालदार दारात उभे होते, ताठ, इस्त्रीच्या कपड्यांत, सिद्धूला खांद्यावर घेऊन. "जावा तुमी, मी बघतो त्येला," ते स्वच्छ आवाजात म्हणाले. क्रांतीनं त्यांचे पाय बघितले. सरळ होते. तीही त्याच गावात वाढलेली, तिचंही माप तेच. वास आला असणार, पण वास तर त्या घराला कायमचाच होता. ती आईबरोबर निघून गेली.

त्या परत आल्या तेव्हा हवालदार पंख्याखाली झोपले होते.

"आबा, सिद्धू कुठाय?"

त्यांनी डोळे उघडले आणि शांतपणे सांगितलं, "तुमच्यासंगं गेला की."

पुढचं राहीबाईला अजूनही सलग सांगता येत नाही. घर बघितलं, गोठा बघितला, शेजारपाजार बघितला, आणि मग क्रांती अनवाणी मळ्याकडं धावत सुटली. सिद्धू कालव्याच्या काठाला सापडला. कालव्याला पाणी सोडलेलं होतं, भरून चाललं होतं, आणि तो अगदी कडेला फतकल मारून चिखलाचे गोळे पाण्यात टाकत होता. डोक्यावर आजोबांची टोपी होती. क्रांतीनं हाक मारली नाही. हाक मारली तर दचकून पुढं सरकेल, म्हणून ती मागून चोरपावलांनी गेली, आणि हाताला लागल्यावर तिनं त्याला असं आवळलं की पोरगं रडायला लागलं. राहीबाई मागं उसाच्या बांधावर उभी होती.

संध्याकाळी हवालदार उठले, तोंड धुतलं आणि नातवाला पाठीवर घेऊन घोडा घोडा खेळायला लागले. नातू कालव्याकडं गेला होता हेच त्यांच्या गावी नव्हतं. क्रांती दाराला टेकून बघत राहिली. सकाळच्या पहिल्या गाडीनं ती निघाली. एसटीत चढताना आईला म्हणाली, "आई, तू आबांस्नी खरं सांग. तू सांगशील तवाच मी पोराला ह्या घरात आणीन. सासरी मी कुणाला काय बोलणार न्हाई. पण तू त्येंना सांग."

"सांगते," राहीबाई म्हणाली. घरी येऊन तिनं पीठ मळायला घेतलं, हवालदार कपबशी घेऊन येऊन बसले, आणि तिच्या तोंडून निघालं, "क्रांतीच्या सासूचा फोन आलता. पाव्हणं येणार हायती म्हणं, म्हणून लौकर गेली." त्या दिवशी एकही भाकरी धड फुगली नाही.

उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत पावसाळा गेला, दिवाळी गेली. क्रांती दिवाळीलाही आली नाही. आपला हा माणूस दुसरं सगळं सोसेल, पण आपल्या हातनं सिद्धूचं काय होता होता राहिलं हे ऐकून उभा राहील का, ह्याची राहीबाईला धास्ती होती. दुसरीही एक धास्ती होती, ती तिनं स्वतःशीही कधी नीट मान्य केली नाही. हे एक लपवलं होतं असं कळलं की ते विचारणार, आणखी काय काय लपवलंस?

सिद्धूचं तिसरं सरत आलं आणि जावळ काढायचं ठरलं. सासरच्या गावच्या सिद्धनाथाला ते बोललेलं होतं. जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसतं ही आपल्याकडची रीत. क्रांतीला सख्खा भाऊ नाही, पण तिचे सासरे मानसिंगराव बारशातच सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मामा न्हाई म्हणून काय झालं, हवालदार हाईत की. नातू त्येंच्याच मांडीवर बसंल." तेव्हापासून हवालदार त्या दिवसाची वाट बघत होते. एक गुडघा दुखायचा, त्याला आतापासूनच रोज तेल चोळायचे.

क्रांतीचा फोन आला तो वेगळाच. मांडीवर घ्यायला वीरूला पाठवा, म्हणाली. हवालदार शेजारीच होते, त्यांना ऐकू गेलं.

"मी मेलोय का?" त्यांनी एवढंच विचारलं.

त्यांच्या मनानं घेतलं की हे व्याह्यांचं काम. मानपानावरून काहीतरी खुसपट निघालं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी दारूचा एक घोटही न घेता त्यांनी पांढरा शर्ट चढवला, टोपी घातली आणि कवठे महांकाळला निघाले, मानसिंगरावांना तोंडावर विचारायला.

राहीबाईला पुढचं दिसायला लागलं. ह्यांनी तिथं विचारलं की मानसिंगराव सुनेला विचारणार. सुनेनं खरं सांगितलं तर असल्या माणसाजवळ पोर ठेवलंसच कशी, म्हणून ठपका तिच्यावरच. लपवलं तर सिद्धू पुन्हा ह्यांच्या हातात. तिनं हातातलं काम टाकलं, पातळ बदललं आणि म्हणाली, "मीबी येते."

साताऱ्याच्या स्टँडवर मिरजेची गाडी लागायला वेळ होता. हवालदार बाकावर ताठ बसले होते, पिशवी मांडीवर, ओठ मिटलेले. पिशवीत कंदी पेढ्यांचा पुडा होता. व्याह्यांकडं रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून भांडायला निघालेल्या माणसानंही पेढे घेतले होते. राहीबाईला त्या पुड्याकडं बघून भरून आलं आणि त्या भरातच ती बोलायला लागली.

"आवं, मानसिंगरावांनी काय केलेलं न्हाई. क्रांतीनंच वीरूला बलिवलंय."

"का?"

मग तिनं सांगितलं. हातात पीठ नव्हतं, पुढं तवा नव्हता. हातांचं काय करावं हे न कळून तिनं पदराचं टोक धरून ठेवलं होतं. हळदीकुंकू, खांद्यावरचा सिद्धू, पंखा, कालवा, चिखल, टोपी. ह्या वेळी तिनं काही चाळलं नाही.

हवालदार मान हलवत ऐकत होते, पण ते नकाराचं हलवणं होतं. "असं कसं व्हईल?" ते म्हणाले. "असलं काय झालं असतं तर मला आठवलं असतं."

"क्रांतीच्या लग्नातलं आठवतंय तुमाला?"

"आठवतंय की. जावयाचा हात धरून मी म्हनलो, जावईबापू—"

"ते मी सांगितलंय तुमाला."

हवालदारांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"तुमी तसं म्हनला न्हाई," राहीबाई म्हणाली. "दुसऱ्या दिशी भाकरी करताना मी सांगितलं, तुमी म्हनला म्हणून."

मिरजेची गाडी लागली. कंडक्टर ओरडून गेला, माणसं चढली, गाडी निघून गेली. दोघांपैकी कुणी उठलं नाही. शेजारी बसलेल्या बाईनं आपली बोचकी उचलली आणि ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

बऱ्याच वेळानं हवालदारांनी विचारलं, "मग मी काय म्हनलो?"

आता मात्र राहीबाईला वाटलं, राहू द्यावं. एवढं एक तरी त्यांच्याजवळ राहू द्यावं. चांगलंसं एक उत्तर सवयीनं तिच्या जिभेवर तयारही झालं होतं. पण काठाकडं चोरपावलांनी जाणारी क्रांती तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"मांडवाच्या दारात हुबं राहून तुमी पाव्हण्यास्नी निरोप देत हुता," ती म्हणाली. "लय बेस, हात जोडून. जाईल त्येला एकच म्हणत हुता, जेवून जावा, घाई करू नका. क्रांती आली, तुमच्या गळ्यात पडून रडाय लागली. तुमी तिच्या डोस्क्यावर हात ठेवला आन् म्हनला, जेवून जा बाळ, घाई करू नगंस."

हवालदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आन् ती काय म्हनली?"

"व्हय आबा, जेवते, म्हनली."

हवालदार रडले. भर स्टँडवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, तो कवायतीतला माणूस गुडघ्यांवर कोपरं टेकून रडत होता आणि राहीबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. आपण ह्यांना मोडून टाकलं असं तिला वाटत होतं. त्याच वेळी तिला इतकं हलकंही वाटत होतं की त्या हलकेपणाची लाज वाटावी. शेवटी त्यांनी डोळे पुसले, पिशवी उचलली आणि म्हणाले, "चल, घरी जाऊ." कोरेगावच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले. पेढ्यांचा पुडा तसाच परत आला.

घरी आल्यावर राहीबाईनं क्रांतीला फोन लावला. "सांगितलं," ती म्हणाली. "लग्नातलंबी सांगितलं." मग क्रांती म्हणाली, "बरं केलंस. पण वीरूलाच पाठव." राहीबाईनं हट्ट धरला नाही.

त्याच आठवड्यात दोघं माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला निवांत. राहीबाईनं आधी तेच विचारलं, जे तिला इतकी वर्षं सतावत होतं. चालत तर सरळ होते, बोलत तर नीट होते, मग हे असं कसं? बाई म्हणाल्या, सवय झालेलं शरीर चालतं-बोलतं, पण दारू जास्त झाली की डोक्यात त्या वेळचं काही साठतच नाही. "ते विसरलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "ते आत गेलेलंच नाही. त्यामुळं कितीही ताण दिला तरी परत यायचं नाही." एका दमात आपल्याआपण सोडायची नाही, झटके येतात, असंही बजावून त्यांनी गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला बोलावलं. हवालदारांनी "येस मॅडम" म्हटलं आणि बाहेर आल्यावर पायरीवर बसून राहिले. परत यायचं नाही, हेच त्यांच्या कानात राहिलं होतं.

सकाळी ते उंबऱ्यापाशी बसतच राहिले, पण आता विचारायचं काम त्यांचं होतं. त्या सालच्या यात्रेत मी काय केलं? थोरल्या दादाशी बोलणं का बंद झालं होतं? राहीबाई खरं ते सांगायची. एखाद्या दिवशी त्यांना ऐकणं सोसायचं नाही आणि ते चहा तसाच टाकून मळ्याकडं जायचे. एकदा त्यांनी भीत भीत विचारलं, "आन् शेजारच्या सोनाकाकूला पावसाचं दवाखान्यात नेलं, म्हणतीस, ते?"

"ते खरं हाय," राहीबाई म्हणाली. "ते तुमीच नेलं. पाठुंगळी घिऊन."

हवालदारांनी ते तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

मध्ये एकदा घसरलेही. कुणाच्या तरी बढतीची पार्टी होती. दुसऱ्या सकाळी राहीबाईनं तेही सांगितलं, काय बोलले, कुणाला बोलले, सगळं. तिच्या आवाजात राग होता आणि तो तिनं लपवला नाही. हवालदार उठले, कपडे केले आणि तिची वाट न बघता एकटेच दवाखान्यात जाऊन आले.

जावळाच्या दिवशी सिद्धनाथाच्या देवळापुढं छोटासा मांडव होता. राहीबाई आणि हवालदार वीरूच्या गाडीतून आले. हवालदार मागं एका खांबाला टेकून उभे राहिले. अंगात एक थेंब नव्हता, आणि नेमके म्हणूनच त्यांचे हात थरथरत होते. कुणी पाण्याचा पेला दिला तर निम्मं पाणी शर्टावर सांडलं. देवळाची पायरी चढताना तोलही गेला. बायकांच्या घोळक्यातून कुजबुज आली, "क्रांतीचं वडील सकाळीच घिऊन आल्यात वाटतं." राहीबाईनं ती ऐकली. इतकी वर्षं प्यालेल्या नवऱ्याला लोकांनी शुद्धीवर म्हटलं आणि आज शुद्धीवर आलेल्याला प्यालेला म्हणत होते. हसावं का रडावं तिला कळेना.

वीरू पाटावर बसला होता. क्रांती सिद्धूला कडेवर घेऊन पुढं झाली, तेवढ्यात मानसिंगरावांनी हात वर केला. "आरं थांबा थांबा. हवालदार असताना पोराला मांडी दुसऱ्याची कशाला? या हवालदार, फुडं या." बिचाऱ्यांच्या मनात माया सोडून काही नव्हतं. वीरू लगेच बाजूला सरकला. सगळा मांडव वळून बघायला लागला. क्रांतीनं सिद्धूला छातीशी आवळलं.

राहीबाई पटकन म्हणाली, "त्येंचा गुडघा लय दुखतोय—"

"गुडघा न्हाई," हवालदार म्हणाले. ते खांब सोडून पुढं आले. बोलताना त्यांनी दोन्ही हात पुढं धरले होते, सगळ्यांना दिसावेत असे. "माझं हात कापत्यात, मानसिंगराव. मी लय प्यायचो. पाय सरळ पडायचं म्हणून कुणाला कळलं न्हाई. आता सोडाय लागलोय, त्यानं व्हतंय हे. वस्तऱ्यापाशी पोर माझ्या मांडीवर नगं. वीरूच्याच मांडीवर बसू द्या."

मानसिंगराव जवळ आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वीरूला म्हणाले, "बस रं."

सिद्धू वीरूच्या मांडीवर बसला. ऋषिराजची बहीण केस झेलायला पदर पसरून बसली. न्हाव्यानं डोक्याला पाणी लावलं मात्र, सिद्धूनं भोकाड पसरलं आणि पाय झाडायला सुरुवात केली. वीरूला तो आवरेना. वस्तरा हातात धरून न्हावी थांबून राहिला.

"आबा," क्रांती म्हणाली. "पाय धरा त्येचं."

हवालदारांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"वस्तरा वर हाय. खाली काय भ्या न्हाई," ती म्हणाली. ती त्यांच्याकडंच बघत होती. "धरा की."

हवालदार दुखरा गुडघा दुमडून जमिनीवर बसले आणि त्यांनी नातवाचे दोन्ही पाय आपल्या ओंजळीत घेतले. हातांची थरथर पोराच्या तळव्यांना लागली. सिद्धूनं रडणं थांबवून खाली बघितलं. त्याला गुदगुल्या होत होत्या. नाकातून पाणी गळत असतानाच तो खुदकन हसला, आणि न्हाव्यानं तेवढ्यात हात चालवायला घेतला. केसांचा पहिला पुंजका पदरात पडला.

राहीबाई हवालदारांच्या शेजारी येऊन टेकली. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती हळू आवाजात सांगायला लागली, "बघा कसा हसतोय. क्रांतीबी डोळं पुसतीया बघा, आन् जावई—"

"बोलू नगंस, राही," हवालदार म्हणाले. त्यांनी नातवावरची नजर काढली नाही. "मला बघू दे."